भाऊ, पॅच उघडूनच नाही राहिला!

डबल क्लिक केलं. माउसच्या बाणाशेजारी निळं कडं दोन-तीन सेकंद गरगरलं आणि थांबलं. त्यानंतर काहीच नाही. विंडो उघडली नाही, एरर आला नाही. पुन्हा डबल क्लिक, पुन्हा कडं, पुन्हा शांतता. रोजचा डेटा पुरवून-पुरवून तीन रात्री डाउनलोड केलेला पॅच, आणि तो सुरूच व्हायला तयार नाही. गेम आहे तुमच्याकडे, पण जुन्या व्हर्जनचा. मित्र सगळे नव्या व्हर्जनवर गेलेत, त्यामुळे सर्व्हर तुम्हाला दारातूनच परत पाठवतो. मग ग्रुपवर मेसेज पडतो, ‘भाऊ, पॅच उघडूनच नाही राहिला, काय करू?’

उत्तरं पाच मिनिटांत येतात. तुम्ही आमगावचे असा, तिरोड्याचे असा की अर्जुनी मोरगावचे, उत्तरं साधारण तीनच असतात. ‘अँटीव्हायरस बंद कर.’ ‘नेटवरून ते डीएलएल घे अन् टाक.’ आणि पोट्ट्यांचं सगळ्यात लाडकं, ‘फॉरमॅट मार ना बे!’

या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे. नेमकं काय झालं, हे कुणीच विचारलेलं नाही. ताप आलाय म्हटल्यावर नाडीही न बघता सलाईन लावण्यातला हा प्रकार. शिवाय घरातला कॉम्प्युटर एकट्या तुमच्या गेमचा नसतो. त्यात ताईचा महाडीबीटीचा अर्ज असतो, जात वैधतेसाठी स्कॅन केलेले आजोबांच्या शाळेचे दाखले असतात, बाबांच्या धानविक्रीच्या नोंदणीचे कागद असतात, काकाच्या लग्नाचे फोटो असतात. ‘फॉरमॅट मार’ म्हणणाऱ्याचं यातलं काहीच जात नाही.

म्हणून आज आपण उलट्या बाजूने जाऊ. न उघडणारा पॅच बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो, फक्त ते तुमच्या समोर न सांगता दुसरीकडे लिहून ठेवतो. ते कुठे वाचायचं, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

पॅच म्हणजे ठिगळ

राइस मिलमधला बारदाना पाहिलाय ना? पोतं फाटलं की आख्खं पोतं फेकत नाहीत, तेवढ्या जागी ठिगळ मारतात. पॅच हा शब्द अगदी याच अर्थाने कॉम्प्युटरमध्ये आला. १९४० च्या दशकातल्या हार्वर्ड मार्क-१ सारख्या यंत्रांत प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिलेला असायचा. चूक सापडली की त्या जागी कागदाचा तुकडा चिकटवून भोक बुजवायचे. आजचा पॅच कागदाचा नाही, पण काम तेच करतो. गेमच्या जुन्या फाइलमधला काही भाग काढतो आणि त्या जागी नवा बसवतो.

आता ठिगळ मारायचं तर दोन गोष्टी माहीत पाहिजेत. पोतं कुठे आहे आणि ते नेमकं कुठे फाटलंय. पॅचही सुरू होताना हेच शोधतो. गेम कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि त्याचं व्हर्जन कोणतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तो विंडोजच्या रजिस्ट्रीत शोधतो, कारण गेम रीतसर इन्स्टॉल होतो तेव्हा त्याची नोंद तिथे पडते. आणि इथेच आपल्याकडची अर्धी पोरं अडकतात. कारण गेम इन्स्टॉल केलेलाच नसतो! मित्राच्या पेनड्राइव्हवरून आख्खं फोल्डर उचलून आणलेलं असतं. गेम तसा चालतो, पण रजिस्ट्रीत त्याचं नाव नसतं. पॅच बिचारा शोधतो, सापडत नाही, आणि नीट लिहिलेला नसेल तर एक शब्द न बोलता बंद होतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या जमिनीवर कर्ज मागण्यासारखं आहे हे.

व्हर्जनचंही तसंच. १.० वरून १.१ करणारा पॅच १.२ वर बसत नाही. जुन्या फाइलमधला एकेक बाइट मोजून ठिगळ कापलेलं असतं. त्यामुळे गेमच्या मूळ एक्झी फाइलमध्ये कुणी आधीच हात घातला असेल, म्हणजे क्रॅक टाकला असेल, तर अधिकृत पॅच तिला ओळखतच नाही. यावर उपाय एकच, मूळ गेम रीतसर बसवणे. दुसरा कुठलाही जुगाड पुढच्या पॅचला पुन्हा फसतो.

आधी ही साधी कारणं बघा

पॅच झिप फाइलमध्ये आला असेल तर सगळ्यात आधी हे बघा, तुम्ही तो झिपच्या आतूनच तर चालवत नाही ना? झिपवर क्लिक केलं की ती फोल्डरसारखी उघडते, त्यामुळे आतल्या एक्झीवर सरळ डबल क्लिक करायचा मोह होतो. विंडोज तेव्हा फक्त ती एक फाइल तात्पुरती बाहेर काढतं, तिच्या सोबतच्या फाइली झिपमध्येच राहतात. वऱ्हाडी आतच राहिले आणि नवरदेव एकटाच मांडवात आला, असं होतं. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करून मगच चालवा. इतकं साधं आहे, पण डोकं खाजवायला लावणाऱ्या कारणांत याचा नंबर फार वरचा आहे.

दुसरं, पॅच खरंच बंद आहे का? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. बऱ्याचदा पहिल्या क्लिकने पॅच सुरू झालेला असतो, पण कुठेतरी अडकून मागे लपलेला असतो. बरेच लाँचर एका वेळी एकच प्रत चालू देतात. त्यामुळे तुमचा दुसरा, तिसरा, सातवा क्लिक वाया जातो. यादीत त्याचं नाव दिसलं तर ‘एंड टास्क’ करा आणि एकदाच, शांतपणे, पुन्हा चालवा.

तिसरं कारण आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी नक्की तपासावं. घड्याळ! मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तो संपला की लाईट गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. जून महिन्यात आपल्याकडे ढग गडगडले की लाईट जाते, हे काही नवीन नाही. लाईट येते, कॉम्प्युटर सुरू होतो, आणि कोपऱ्यात कुठल्यातरी जुन्याच सालातली १ जानेवारी दिसते. कुणी लक्ष देत नाही. पण पॅच सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शन जोडतो तेव्हा सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतो. तुमच्या घड्याळानुसार ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं! कनेक्शन नाकारलं जातं आणि लाँचर पांढरी विंडो दाखवत बसतो. ब्राउझरमध्येही साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येत असेल तर समजा, घड्याळच आहे. तारीख नीट करा, सेल बदला. कॉम्प्युटरच्या सगळ्या दुरुस्त्यांत यापेक्षा स्वस्त दुरुस्ती क्वचितच असेल.

लाईटचा दुसरा फटका डाउनलोडला बसतो. मधेच लाईट गेली की फाइल अर्धवट राहते, पण नाव तेच, आयकॉन तोच. पॅचवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि साइटवर लिहिलेल्या साइजशी ताडून बघा. तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब असेल तर तोही उघडा. कंपनीने सही केलेली फाइल अर्धवट असेल किंवा कुणी बदलली असेल तर सही बाद दाखवते. त्याच प्रॉपर्टीजच्या खिडकीत खाली कधी कधी ‘अनब्लॉक’ असा चौकोन असतो. नेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण मारून ठेवतं, त्यामुळे ती अडवली जाते. फाइल अधिकृत जागेची असल्याची खात्री असेल तर तिथे टिक करा.

आणि हो, डिस्कवरची जागा. पॅच दोन जीबीचा असला तरी त्याला दोन जीबी पुरत नाहीत. जुनी फाइल ठेवून शेजारी नवी तयार करायची आणि मग अदलाबदल करायची, असं काम चालतं. १२० जीबीच्या एसएसडीवर लाल पट्टी दिसत असताना पॅचला दोष देऊ नका.

एरर कुठे लिहिलेला असतो?

एवढं करूनही नाही चाललं? मग विंडोजची डायरी वाचायची. स्टार्ट दाबून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ टाइप करा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘अ‍ॅप्लिकेशन’. पॅचवर क्लिक केल्याची वेळ आठवा आणि त्या मिनिटाची लाल खुणेची नोंद शोधा. घाबरू नका, तिथे नेहमीच बऱ्याच लाल खुणा असतात, त्यातल्या बहुतेकींशी आपल्याला घेणं-देणं नाही. आपल्याला हवी ती पॅचचं नाव असलेली.

नोंद ‘साइडबायसाइड’ची असेल आणि क्रमांक ३३ असेल, तर पॅचला हवा असलेला व्हिज्युअल सी प्लस प्लसचा संच तुमच्याकडे नाही. ‘डॉटनेट रनटाइम’ आणि १०२६ असेल, तर पॅच डॉटनेटवर लिहिलाय आणि तिथेच कोसळलाय. जुने पॅच बहुधा डॉटनेट ३.५ मागतात आणि विंडोज १० व ११ मध्ये तो आधीपासून बसवलेला नसतो. ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’ आणि १००० असेल, तर ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या ओळीपुढचं नाव वहीत लिहून घ्या. गूगलवर शोधायचं ते हे नाव. नुसतं ‘पॅच नॉट ओपनिंग’ असं शोधलं तर जगातली सगळी दुखणी समोर येतील.

कधी कधी पॅच स्वतःच पडद्यावर सांगतो की ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ सापडत नाही किंवा ‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल’ सापडत नाही. पहिली व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या २०१५ आणि त्यानंतरच्या संचातली, दुसरी डायरेक्टएक्सच्या जून २०१० च्या संचातली. दुसरीवर पोरं हमखास वाद घालतात, ‘माझ्याकडे डायरेक्टएक्स १२ आहे, मग ९ कायले पाहिजे?’ पाहिजे, कारण त्या जुन्या मदतनीस फाइली नव्या विंडोजसोबत येत नाहीत. दोन्ही संच मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट आहेत. फुकट मिळणारी वस्तू ‘डीएलएल डाउनलोड’वाल्या अनोळखी साइटवरून सुटी-सुटी का उचलावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

सुटी डीएलएल टाकल्यावर तर हमखास नवा एरर येतो, ‘०एक्ससी०००००७बी’. हा कळायला घरी आजोबांना विचारा. गोंदिया स्टेशनवर पूर्वी मुंबई-हावड्याची मोठी लाईन होती आणि जबलपूरकडे जाणारी छोटी, नॅरोगेज लाईन. स्टेशन एकच, पण या रुळावरचा डबा त्या रुळावर जात नव्हता. माणसं उतरून गाडी बदलायची, माल उतरवून पुन्हा चढवायचा. तुमच्या विंडोजमध्येही असे दोन रूळ आहेत, ३२ बिट आणि ६४ बिट. पॅच ३२ बिटचा आणि तुम्ही टाकलेली डीएलएल ६४ बिटची असली की हाच कोड येतो. म्हणून व्हिज्युअल सी प्लस प्लस बसवताना विंडोज ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ आणि एक्स६४, दोन्ही संच बसवायचे.

पबजी लाइट आठवतोय का? ४ जुलै २०१९ ला भारतात आलेला, ४ जीबी रॅम आणि साध्या इंटेल ग्राफिक्सवर चालणारा, म्हणजे जणू आपल्यासारख्यांच्याच कॉम्प्युटरसाठी बनवलेला. त्याचा लाँचर न उघडण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. खरं तर कंपनीने डाउनलोडसोबतच सांगून ठेवलं होतं की डॉटनेट ४.५.२, व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१५ आणि डायरेक्टएक्स आधी बसवा. गेमचं बटण मोठं होतं, या तिघांची नावं खाली होती. खालचं कोण वाचतं बाप्पा!

नाव मराठीत असलं की...

आता जे कारण सांगतो ते इंग्रजी व्हिडिओंत सहसा सापडत नाही, कारण त्या लोकांना ही अडचण येतच नाही.

कॉम्प्युटर नवा आला, विंडोजने नाव विचारलं, तुम्ही हौसेने देवनागरीत ‘सागर’ लिहिलं. विंडोजने सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’मध्ये ‘सागर’ नावाचं फोल्डर बनवलं, तेही देवनागरीत. रोजच्या कामात काहीच अडत नाही. ब्राउझर चालतो, वर्ड चालतं. फक्त काही पॅच, मॉड बसवणारी छोटी टूल्स आणि जुने इन्स्टॉलर गप्प बसतात.

कारण थोडं इतिहासातलं आहे. युनिकोड सर्वत्र यायच्या आधी विंडोजमध्ये प्रत्येक भाषागटाला एक कोडपेज दिलेलं असे. जपानीला ९३२, कोरियनला ९४९, चिनीलाही स्वतःचं. जुन्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्राम फाइलचं नाव या कोडपेजमधून वाचतो. देवनागरी विंडोजमध्ये आली ती विंडोज २००० पासून, आणि आली ती थेट युनिकोडमधून. तिला असं कोडपेज कधी मिळालंच नाही. त्यामुळे कोरियन पोराने फोल्डरला कोरियन नाव दिलं तर त्याच्या कोरियन विंडोजवर जुना पॅच निदान चालतो. आपण मराठी नाव दिलं तर जगातल्या कुठल्याच विंडोजवर त्या पॅचला ते वाचता येत नाही. त्याला ‘सागर’ऐवजी चार प्रश्नचिन्हं दिसतात, ‘????’. आणि प्रश्नचिन्ह हे विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालतच नाही. म्हणजे पॅच अशा पत्त्यावर जातो जो पत्ता असूच शकत नाही.

‘पण माझा गेम तर डी ड्राइव्हवर, इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये आहे!’ असेलही. तरी अडतं. कारण बरेच पॅच सुरू होताना स्वतःच्या फाइली आधी टेम्प फोल्डरमध्ये सोडवतात आणि ते टेम्प फोल्डर तुमच्या नावाच्या फोल्डरच्या पोटात असतं. तपासायचं असेल तर विंडोजची कळ आणि आर दाबा, टक्क्याची खूण, ‘टेम्प’ हा शब्द इंग्रजीत, पुन्हा टक्क्याची खूण असं लिहून एंटर करा. जे फोल्डर उघडेल त्याच्या पत्त्यात कुठेही देवनागरी अक्षर दिसलं तर संशयित सापडला.

आता इथे एक फसगत आहे. कंट्रोल पॅनलमधून अकाउंटचं नाव बदलून इंग्रजी केलं तरी आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं. बदलतो तो फक्त दारावरचा बोर्ड. आणि फोल्डरचं नाव जबरदस्तीने बदलायला जाल तर प्रोफाइलच बिघडू शकतं, त्या वाटेला जाऊ नका. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गेमसाठी इंग्रजी नावाचं दुसरं लोकल अकाउंट काढायचं. पहिलं अकाउंट, त्यातले कागद, फोटो, सगळं जागच्या जागी राहतं. यात एक आयता फायदाही आहे, तुमच्या गेमच्या उचापती आणि ताईचे अर्ज वेगवेगळ्या खोल्यांत राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे सी ड्राइव्हवर ‘टेम्प’ असं साधं इंग्रजी फोल्डर बनवायचं आणि ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’मध्ये जाऊन टेम्प आणि टीएमपी या दोन्ही नोंदींना तो पत्ता द्यायचा. तिसराही आहे. २०१८ पासून विंडोज १० मध्ये, ‘रीजन’च्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ टॅबखाली, युनिकोड यूटीएफ-८ वापरण्याचा एक चौकोन आलाय आणि त्यासमोर ‘बीटा’ असं लिहिलंय. तिथे टिक केल्यावर काही पॅच खरंच चालू लागतात, पण काही जुनी सॉफ्टवेअर उलट बिघडतात. घरात कुणी डीटीपीचं काम जुन्या फॉन्टवर करत असेल तर त्या चौकोनाला हात लावू नका.

काही जण यावर म्हणतील, कशाला मराठीत नाव ठेवायचं? मला हे पटत नाही. विंडोज तुम्हाला मराठीत नाव लिहू देतं, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक नाही. चूक त्या प्रोग्रामरची, ज्याने विसाव्या शतकातली पद्धत अजून सोडलेली नाही.

अँटीव्हायरसचं काय मग?

खरं सांगायचं तर या बाबतीत पोरांचं सगळंच चूक नसतं. दुसऱ्या प्रोग्रामची एक्झी उघडून तिच्यात बदल करणे हे पॅचचं काम, आणि व्हायरसही नेमकं हेच करतो. त्यामुळे अँटीव्हायरस कधी कधी साध्या पॅचलाही पकडतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. तुमचा पॅच तिथे बसलेला असेल, आणि तो गेमच्या अधिकृत साइटवरूनच आलेला असेल, तर तेवढ्या एका फोल्डरला सूट द्या. एका पाहुण्याला आत घ्यायचं म्हणून वाड्याचा दरवाजा काढून ठेवत नाहीत.

पण व्हिडिओखालच्या लिंकवरून आलेली झिप असेल, तिला पासवर्ड असेल आणि वर ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असेल, तर तिथेच थांबा. पासवर्ड असतो तो अँटीव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. गेमचे क्रॅक आणि चीट यांच्या नावाखाली पसरलेला ‘रेडलाइन’ हा चोर प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलायचा. त्याच्या मागे असलेलं जाळं ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी आणि त्यांच्या साथीदार यंत्रणांनी तोडलं, पण तशी दुसरी चिक्कार आहेत. बाबांचं नेट बँकिंग त्याच ब्राउझरमध्ये असेल तर हा मामला गेमचा राहत नाही. असं काही चालवून बसलाच असाल तर नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. घरच्यांपासून लपवण्यात जो तास जातो तोच महाग पडतो.

अधिकृत पॅचही देवाचं पाणी नसतो, बरं का. डिसेंबर २००७ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या गेमचा ‘ट्रिनिटी’ नावाचा मोठा अपडेट आला. गेमच्या फोल्डरमध्ये ‘बूट.आयएनआय’ नावाची एक फाइल होती, ती पॅचने काढायची होती. विंडोज एक्सपी सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलचं नावही तेच. पत्त्यातल्या चुकीमुळे पॅचने काही जणांच्या कॉम्प्युटरवरची विंडोजचीच फाइल उडवली. गेम अपडेट झाला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरूच होईना! म्हणून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करण्याआधी ताईचे कागद पेनड्राइव्हवर एकदा काढून ठेवा. ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या गेमला पॅच मारायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतातच, पण अधिकार दिले की तो सगळीकडे हात घालू शकतो.

काही कुलपांना किल्लीच नसते

विंडोज ७ वर असाल तर स्टीम १ जानेवारी २०२४ पासून तुमच्या बाजूने नाही, तिथे कितीही लॉग वाचले तरी उपयोग नाही. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, ‘व्हॅन ९००१’ किंवा ‘व्हॅन ९००३’ आला तर अडचण पॅचमध्ये नसून बायोसच्या सेटिंगमध्ये आहे. पण विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं असेल तर ते सेटिंग नुसतं बदलून कॉम्प्युटर सुरू होणं बंद होऊ शकतं. अर्जाची शेवटची तारीख उद्या आहे अशा रात्री हे करू नका, आणि पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

आणि पबजी लाइटचा लाँचर कुणी अजून जपून ठेवला असेल तर त्याला शांतपणे निरोप द्या. २९ एप्रिल २०२१ ला त्याची सेवा जगभर बंद झाली. समोर सर्व्हरच नाही म्हटल्यावर डॉटनेट बसवून काय होणार? एखादा पॅच उघडत नसेल आणि गेम जुना असेल, तर तासभर खटपट करण्याआधी तो गेम अजून चालू आहे का, एवढं बघून घ्या.

कंपनीला कळवा, पण नीट

सगळं करून झालं आणि कारण देवनागरी फोल्डर किंवा तसंच काही निघालं, तर गेमच्या सपोर्टला लिहा. ‘युवर गेम इज नॉट वर्किंग, प्लीज हेल्प’ असं लिहू नका, त्याचं उत्तर ‘कृपया कॉम्प्युटर रीस्टार्ट करा’ असंच येतं. साध्या, तोडक्या इंग्रजीत चालेल, पण चार गोष्टी पाहिजेत. विंडोजचं व्हर्जन, पॅचचं व्हर्जन, नेमकं काय केल्यावर काय झालं, आणि काय बदलल्यावर ते चालू झालं. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. ‘माझ्या यूजर फोल्डरचं नाव मराठीत आहे, त्या अकाउंटमधून पॅच उघडत नाही, त्याच कॉम्प्युटरवर इंग्रजी नावाच्या अकाउंटमधून उघडतो’ हे एक वाक्य वाचून तिकडचा प्रोग्रामर पाच मिनिटांत स्वतःच्या टेबलावर तोच बिघाड घडवून बघू शकतो. त्याच्याकडे मराठी नावाचा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तर हे आजवर त्याच्या नजरेत आलं नाही.

पॅचची लॉग फाइल असेल तर ती जोडा. ती गेमच्या फोल्डरमध्ये किंवा ‘अ‍ॅपडेटा’मध्ये सापडते. पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून ईमेल, फोन नंबर असं काही खासगी नाही ना हे बघून घ्या. आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या त्या नोंदीचा स्क्रीनशॉटही द्या, फोल्डरचं देवनागरी नाव स्पष्ट दिसेल असा.